समुद्र पाहावा रायपुरातून

मावशीचा प्रश्न साधा होता. पुढच्या आठवड्यात घरातले आठ जण समुद्रावर जाणार होते. त्यात दोन नातवंडं होती आणि पंच्याहत्तरी ओलांडलेले काका होते. ‘तू दिवसभर इंटरनेटवरच असतोस ना? मग सरकारच्या साइटवर बघून सांग, तिथला समुद्र सध्या कसा आहे. मुलांना पाण्यात सोडायचं की नाही, तेही सांग.’

मी बसलो. दीड तासाने उठलो तेव्हा मला त्या किनाऱ्याबद्दल बरंच ठाऊक झालं होतं. सूर्योदय तिथे नयनरम्य असतो, वाळू सोनेरी आहे, जवळचा विमानतळ किती किलोमीटरवर आहे, सगळं कळलं. मुलांना पाण्यात सोडायचं की नाही, तेवढं कळलं नाही. पानाच्या तळाशी ‘शेवटचे अद्ययावत’ म्हणून त्याच दिवसाची तारीख होती आणि ‘नवीन काय’ या चौकटीत तीन वर्षांपूर्वीच्या महोत्सवाचं निमंत्रण सरकत होतं. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. दोष त्या गावाचा नाही.

रायपूरकरांचं समुद्राशी नातं तसं दुरूनचं. छत्तीसगडच्या सीमेला सात राज्यं लागतात, समुद्र कुठेच लागत नाही. महादेव घाटावरून वाहणारी खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला आणि महानदी ओडिशात बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमचं पाणी समुद्राला रोज पोचतं, आम्ही वर्षा-दोन वर्षांतून एकदा. जाणारे बहुतेक पुरीला जातात, नाहीतर विशाखापट्टणमला. सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत सुरू झाल्यापासून तर समुद्र एका दिवसाच्या प्रवासावर आला आहे. मधल्या काळात हौस भागवायला धमतरीजवळचं गंगरेल धरण आहे. त्याला इथे ‘मिनी गोवा’ म्हणतात. काठावर झोपड्या, पाण्यात बोटी. फक्त या गोव्यात भरती नाही, ओहोटी नाही आणि लाटही नावालाच.

मेख इथेच आहे. आमची मुलं पोहायला शिकतात ती तलावात, नदीच्या डोहात, नाहीतर शाळेच्या टाकीत. ते पाणी एका जागी उभं असतं. ज्याला पोहता येतं तो तिथे बिनधास्त असतो. समुद्रात मात्र पोहता येणं ही निम्मीच विद्या. पाणी कुठे ओढतंय हे कळणं ही उरलेली निम्मी, आणि ती तलावात शिकता येत नाही.

कोकणातल्या माणसाला ती उपजतच असते. त्याच्या बोलीत उधाण आहे, भांग आहे; अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती ते उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं-उतरतं तो भांग. ‘आज पाण्याला ओढ आहे’ हे तो काठावर उभा राहून सांगतो. भरतीची वेळ काढायला त्याला मोबाइलही लागत नाही. दिनदर्शिकेतली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला दुपारी बाराच्या जरा आधी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागोमाग सरकते. पाऊणकीचं हे गणित त्याचंच ढोबळ रूप. हा हिशेब मुंबई-कोकण किनाऱ्याचा. पूर्व किनाऱ्यावर भरतीचं घड्याळ वेगळं चालतं, तेव्हा पुरीला जाताना ही पाऊणकी घरी ठेवावी.

म्हणून माझं म्हणणं असं की, किनाऱ्याबद्दलच्या सरकारी संकेतस्थळाची परीक्षा घ्यायची तर ती किनाऱ्यावर बसून घेऊ नये. मालवणात बसलेल्या अधिकाऱ्याला ते पान परिपूर्ण वाटणारच. जे त्यात नाही ते त्याच्या डोक्यात आधीपासून असतं. परीक्षकाला पुण्यात बसवावं, बेळगावात बसवावं, रायपुरात बसवावं.

ही नावं उगाच घेतलेली नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते पुण्याच्या महाविद्यालयातले होते. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर आठ जण गेले. ते बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले होते. दोन्ही गावं घाटावरची. वायरीच्या घरातल्या पोराला जे विचारावंही लागत नाही, ते या मुलांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता सरकारला हे ठाऊक नसतं का? चांगलंच ठाऊक असतं. हैदराबादेत इन्कॉइस नावाची संस्था आहे, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. ती १९९९ साली स्थापन झाली आणि केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली चालते. २००४ च्या त्सुनामीनंतर देशाचं त्सुनामी इशारा केंद्र तिच्याकडेच आलं. ते २००७ पासून काम करतं. लाटांची उंची, वाऱ्याचा वेग, प्रवाहांची दिशा यांचे पुढच्या काही दिवसांचे अंदाज ही संस्था रोज देते. समुद्र खवळणार असेल तर कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत, कधीपासून कधीपर्यंत आणि किती मीटरच्या लाटा, असा इशारा काढते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शहरात बसून ही मंडळी पाण्याचं एवढं बारीक भान ठेवतात, याचं मला रायपूरकर म्हणून विशेष कौतुक आहे.

पण हा इशारा मावशीच्या हातात द्या. त्यात लिहिलेलं असेल, लाटांची उंची २ मीटर. मावशी म्हणेल, जास्तीत जास्त दोन मीटर ना, मग ठीक. प्रत्यक्षात समुद्रशास्त्रात अशा वेळी जो आकडा देतात तो सर्वांत उंच लाटेचा नसतो. एका वेळात आलेल्या सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटा बाजूला काढायच्या आणि त्यांची सरासरी घ्यायची, तो हा आकडा. अनुभवी खलाशी समुद्राकडे बघून जी उंची अंदाजाने सांगतो, तिच्याशी तो जुळतो. त्यांतली एखादी लाट या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. खडकावर उभं राहून फोटो काढणाऱ्याला नेमकी तीच लाट गाठते. ‘२ मीटर’ या दोन शब्दांखाली एवढं एक वाक्य मराठीत, उडियात, हिंदीत लिहिलं तर त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

दुसरी अडचण संबोधनाची. आपल्याकडचे सागरी इशारे बहुतेक मच्छीमारांना उद्देशून असतात: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. ते योग्यच आहे, ज्याचा जीव रोज पाण्यावर असतो त्याला आधी सांगायला हवं. पण हे वाक्य वाचून रायपूरचा पर्यटक निर्धास्त होतो. आपण कुठे मासे धरायला निघालोय?

यातून काय होतं, ते मे २०२४ मध्ये दिसलं. केरळात ‘कल्लक्कडल’ असा शब्द आहे. चोर समुद्र असा त्याचा अर्थ. दूर दक्षिणेला हिंदी महासागरात वादळ होतं, तिथून निघालेल्या लांबलचक लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला पोचतात. इथे आभाळ निरभ्र, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि समुद्र चोरपावलांनी घरात शिरतो. इन्कॉइसने त्या आठवड्यात केरळ आणि दक्षिण तामिळनाडूसाठी असाच इशारा दिला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी लाटांनी ओढून नेले. माहिती होती, वेळेवर होती, बरोबरही होती. ती एका संकेतस्थळावरून दुसऱ्या खात्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेली. पाण्यात उतरणाऱ्याच्या कानापर्यंत पोचणं हा शेवटचा टप्पा, आणि माहिती तिथेच अडखळते.

आता जिल्ह्याच्या संकेतस्थळांकडे वळू. देशातल्या जिल्ह्यांची बहुतेक संकेतस्थळं आज राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच साच्यातून निघतात. साचा चांगला आहे. मजकूर मराठीत मिळतो, अक्षरं मोठी करता येतात, मोबाइलवर पान नीट उघडतं. पर्यटनस्थळाच्या पानावर एक छायाचित्र, एक परिच्छेद आणि खाली ‘कसे पोहोचाल?’ असं शीर्षक. त्यात तीन ओळी: विमानाने, रेल्वेने, रस्त्याने. किल्ला असो, देऊळ असो, धबधबा असो की किनारा असो, ओळी त्याच. आता देवळाला हे पुरतं. देऊळ दुपारी चार वाजता पाण्याखाली जात नाही. किनारा दिवसातून दोनदा आकार बदलतो, आणि त्या साच्यात ‘कसे पोहोचाल’ आहे, ‘कसे परत याल’ नाही. चौथ्या ओळीसाठी जागा करा आणि तिथे फक्त एवढं लिहा: या किनाऱ्यावर पोहणं सुरक्षित आहे की नाही, कुठल्या महिन्यांत नाही, जीवरक्षक किती ते किती वाजेपर्यंत असतात. माझ्या मते या एका ओळीला शंभर ड्रोन-छायाचित्रांपेक्षा जास्त गुण द्यावेत.

नियमांची उणीव नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली निघाली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. मजकूर कोणी द्यायचा, कोणी तपासायचा, किती दिवसांनी पाहायचा, जुना झाल्यावर कुठे हलवायचा, सगळं त्यात आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचं चौथं कलम सांगतं की माहिती न मागता द्यायची, आणि देताना स्थानिक भाषा व त्या भागात पोचणारी पद्धत लक्षात घ्यायची. पण ‘स्थानिक’ म्हणजे कोणाची? पुरीच्या वाळूवर एका वेळी उडिया, बंगाली, छत्तीसगडी, तेलुगू, हिंदी आणि आमच्यासारखी रायपुरी मराठी चालू असते. तिथे शब्दांपेक्षा चित्रं कामाची: लाल झेंडा, पाण्यात उभा माणूस, त्यावर फुली.

तारखेचा मुद्दा किनाऱ्याच्या बाबतीत फार महत्त्वाचा, म्हणून थोडं विषयांतर करतो. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा किती लांब? शाळेत सगळ्यांनी ७२० किलोमीटर पाठ केलं. केंद्राच्या जुन्या तक्त्यात महाराष्ट्रापुढे ६५२.६ होते. २०२३-२४ मध्ये केंद्राने नवी मोजणी जाहीर केली, त्यात ८७७.९७ आहे. देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. समुद्राने जमीन दिली नाही, की आपण कुठे भराव घातला नाही. जुनी मोजणी ४५ लाखांत एक अशा ढोबळ नकाशावरची होती, नवी अडीच लाखांत एक अशा बारीक नकाशावरची. बारीक नकाशात खाड्या, वळणं, बेटांचे कोपरे दिसू लागतात आणि दोरी लांबते. तेव्हा तिन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. पण संकेतस्थळावर नुसता ‘७२०’ वाचणाऱ्याला तो केव्हाचा आणि कशावरून मोजलेला हे कळलं नाही, तर माहिती मिळाली असं म्हणता येत नाही, आकडा मिळाला एवढंच.

पाण्याच्या स्वच्छतेचंही तसंच. केंद्रीय निकषांनुसार पोहण्याजोग्या समुद्राच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतून येणारे जीवाणू शंभरापर्यंत चालतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याबरोबर गिरगाव, जुहूसारख्या चौपाट्यांच्या पाण्याचेही नमुने तपासतं आणि निकाल प्रसिद्ध करतं. हे निकाल असतात तक्त्यांत, लघुरूपांनी भरलेल्या रकान्यांत. ते वाचायला रसायनाची पदवी नको, पण चिकाटी भरपूर हवी. आणि एक अडचण तर कुणाच्या हातातली नाही. जीवाणू मोजायचे तर ते प्रयोगशाळेत वाढवावे लागतात, त्याला एक-दोन दिवस जातात. म्हणजे तुम्ही आज वाचता तो निकाल परवाच्या पाण्याचा. मधे पाऊस पडून नाला समुद्रात आला की तो शिळा झाला.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने यावर शक्कल काढली. सिडनीच्या किनाऱ्यांवर सांडपाणी येऊ लागलं तेव्हा लोकांचा संताप झाला, आणि १९८९ मध्ये तिथे ‘बीचवॉच’ सुरू झालं. ते लोक नुसते नमुन्यांचे निकाल टाकत नाहीत. किती पाऊस पडला की कुठला किनारा किती तास घाण होतो, हे अनुभवावरून बांधून त्या त्या किनाऱ्याचा आजचा अंदाज सांगतात. युरोपात २००६ च्या निर्देशानुसार पोहण्याच्या प्रत्येक जागेला उत्कृष्ट, चांगली, पुरेशी, वाईट यांपैकी एक शेरा मिळतो. तो संकेतस्थळावर तर असतोच, शिवाय पाण्याशेजारी फलकावर लावावा लागतो. कॅलिफोर्नियात एका स्वयंसेवी संस्थेने १९९० पासून शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी देण्याचा पायंडा पाडला. या तिन्हींत समान गोष्ट अशी की माहिती किनाऱ्याच्या नावाने मिळते, खात्याच्या नावाने नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं. लाट हवी तर हैदराबाद, हवामान हवं तर हवामान खातं, भरतीची कोष्टकं हवीत तर डेहराडूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग, पाण्याची तपासणी प्रदूषण मंडळाकडे, जीवरक्षक पालिकेकडे किंवा पर्यटन खात्याकडे. डेहराडून आणि समुद्र, हा योग तर रायपूरलाही लाजवील. प्रत्येक खातं आपापल्या जागी काम करतं. पण मावशीला खातं नको असतं, तिला किनारा हवा असतो.

जिथे कोणी ही खाती एका जागी आणली, तिथे काम झालेलं दिसतं. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा यांची यादी काढते. वर्तमानपत्रं ती छापतात, लोक कात्रण करून फ्रिजवर लावतात. त्या यादीत एकही विशेषण नसतं: दिवस, वेळ, उंची, संपलं. गणपती विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकट आणि जेलीफिशपासून जपा, अनवाणी पाण्यात जाऊ नका, दंश झाला तर काय करायचं, हे पालिका आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून सांगतात. सरकारी मराठी इतकी थेट क्वचितच वाचायला मिळते.

दुसरं उदाहरण ब्लू फ्लॅगचं. डेन्मार्कमधल्या एका संस्थेकडून मिळणाऱ्या या मानांकनाचे ३३ निकष आहेत आणि त्यांतला पहिला गट पाण्याचा नाही, सुरक्षेचाही नाही, तो माहिती आणि शिक्षणाचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना तो झेंडा पहिल्यांदा मिळाला. त्यात आम्हा रायपूरकरांचे दोन्ही शेजारी होते, पुरीचा गोल्डन बीच आणि विशाखापट्टणमचा ऋषिकोंडा. पोहण्याची हद्द आखलेली, नकाशा लावलेला, पाण्याचा निकाल फलकावर. पण झेंडा दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. २०२५ च्या सुरुवातीला तक्रारींनंतर ऋषिकोंडाचा झेंडा काही दिवस उतरला आणि सुधारणा झाल्यावर परत आला. तेव्हा एखाद्या पानावर ‘ब्लू फ्लॅग किनारा’ एवढंच लिहिलेलं असेल आणि शेजारी साल नसेल, तर अर्धेच गुण द्या.

मावशीला मी शेवटी काय सांगितलं? इन्कॉइसचा इशारा पाहिला, त्या पट्ट्यासाठी काही नव्हतं. मग तिथल्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सकाळी या, पोरांना गुडघ्यापलीकडे सोडू नका आणि जीवरक्षक उभे असतील त्यांच्या समोरच पाण्यात उतरा. पुरीला हेच काम नोळिया करतात. उंच टोकदार टोपी घातलेले हे कोळी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचा हात धरून त्यांना लाटेतून न्हाऊ घालत आले आहेत. त्या टोपीवर अद्ययावत केल्याची तारीख नसते, पण माहिती सकाळचीच असते.

तुम्हीही किनाऱ्यावर निघाला असाल तर जाण्याआधी त्या जिल्ह्याचं पान उघडा आणि मावशीचा प्रश्न त्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर पानाच्या तळाशी जा. तिथे ‘वेब माहिती व्यवस्थापक’ असं लिहून त्याचा पत्ता दिलेला असतो. तो देणं नियमानेच बंधनकारक आहे. त्याला चार ओळी लिहा: कुठला किनारा, कुठली तारीख, काय शोधलं आणि काय मिळालं नाही. आणि निघताना दोन क्रमांक मोबाइलमध्ये भरून ठेवा. आणीबाणीसाठी ११२, आणि समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४.